मोड आणि ठेव : नाशिक परिसरातील कौटुंबिक बचतीच्या पद्धती

१. विषय आणि पुरावा

मराठीत पैशाच्या व्यवहारात ‘मोडणे’ हे क्रियापद जितक्या ठिकाणी येते तितके दुसरे क्वचितच येत असेल. नोट मोडतात आणि तिची मोड घेतात; अडचण आली की दागिना मोडतात; जुने तांब्यापितळेचे भांडे मोडीत घालतात; बँकेतील मुदत ठेवही मुदतीपूर्वी मोडतात. याच क्रियापदाने लग्न मोडते, संसार मोडतो आणि काडीमोडही होते. त्याच्या उलट बाजूस ‘जोडणे’ हे क्रियापद आहे. पै पै जोडावी, दागिना जोडावा, माणसे जोडावीत, असे मराठी माणूस सहज बोलतो. ही जोडी निव्वळ भाषिक योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही. साठवलेली वस्तू कोणी मोडावयाची, केव्हा मोडावयाची आणि मोडताना किती तोटा सोसावयाचा, हाच कौटुंबिक बचतीतील खरा प्रश्न राहिला आहे असे तिचा इतिहास पाहता दिसून येते.

अर्थशास्त्रीय विवेचनात बचतीचा विचार बहुधा व्याजाच्या अंगाने होतो. त्या दृष्टीने पाहिले तर घरगुती बचतीच्या बहुतेक जुन्या पद्धती अडाणीपणाच्या ठरतात. भांड्यांना व्याज नाही, दागिन्यात घडणावळ बुडते, धान्याला कीड लागते, डब्यातील नोटांची किंमत वर्षागणिक घटते. तरीही या पद्धती शतकानुशतके टिकल्या. त्या का टिकल्या, हे प्रस्तुत लेखात नाशिक शहर व जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून पाहावयाचे आहे. नाशिकची निवड सकारण आहे. तांब्यापितळेची भांडी, सराफी, कांद्याची साठवण आणि सरकारी रोख्यांची व नोटांची छपाई ही बचतीची चार निरनिराळी रूपे या एकाच जिल्ह्यात जवळजवळ नांदली आहेत.

पुराव्याविषयी आरंभीच एक गोष्ट नोंदविणे इष्ट आहे. जुन्या पद्धतीच्या घरात जमाखर्चाची वही कर्ता पुरुष लिही. घरात दिलेली रक्कम त्या वहीत ‘घरखर्च’ या सदराखाली नावे पडे, म्हणजे ती खर्च झाली असे समजले जाई. त्या रकमेतून गृहिणीने जे उरविले ते कोणत्याही वहीत जमा होत नसे. घरातील बचतीचा एक मोठा भाग अशा रीतीने लेखी पुराव्यात खर्च म्हणूनच दिसतो. त्याचा मागोवा घ्यावयाचा तर वह्यांच्या बाहेर, म्हणजे वस्तूंकडे आणि शब्दांकडे, वळावे लागते.

२. संज्ञांचा विचार

‘बचत’ हा आज रूढ असलेला शब्द सरकारी व बँकांच्या व्यवहारातून घराघरांत पक्का झाला. त्याच्या मुळाशी ‘बचणे’ म्हणजे निभावणे, सुटून राहणे ही कल्पना आहे. जे खर्चाच्या तावडीतून सुटले ते बचत. ‘शिल्लक’ हा हिशेबाचा शब्द. जमेतून खर्च वजा जाता जे उरते ते दाखविणारा. या दोन्ही शब्दांत कोणाची इच्छा किंवा कोणाचे श्रम दिसत नाहीत.

‘काटकसर’ या शब्दाची गोष्ट वेगळी. त्यातील ‘काट’ हा कापण्याचा वाचक आहे, तर ‘कसर’ हा अरबीतून आलेला शब्द असून त्याच्या मूळ धातूचा अर्थ ‘मोडणे’ असाच आहे. अरबी गणितात अपूर्णांकालाही त्याच धातूपासून झालेला शब्द वापरतात. काटकसर करणारी व्यक्ती मोठ्या रकमेचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातून थोडे थोडे मागे ठेवते. शब्दाची घडण या क्रियेला चपखल बसते. शिवाय हा शब्द बहुधा गृहिणीच्या संदर्भात येतो. ‘काटकसरी बाई’ ही प्रशंसा आहे. पुरुषाच्या बाबतीत तोच गुण पुष्कळदा चिक्कूपणात मोडतो.

‘बेगमी’ हा फारसी वळणाचा शब्द. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे दुःख किंवा काळजी. निश्चिंतता हा मूळ अर्थ मराठीत वर्षभराच्या सामग्रीच्या साठ्यावर स्थिरावला. पावसाळ्याची बेगमी, वर्षाची बेगमी असे म्हणताना पैशाचा उल्लेख होत नाही. तरीही काळजी दूर ठेवण्याचे मूळ प्रयोजन शब्दात शाबूत आहे.

नाशिकच्या दृष्टीने ‘गंगाजळी’ हा शब्द विशेष लक्ष वेधून घेतो. गंगेचे पाणी जपून ठेवण्याचे पात्र, आणि त्यावरून सहसा हात न लावावयाचा राखीव खजिना, असा त्याचा अर्थविस्तार झाला. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात आणि तिच्या घाटाला गंगाघाट. यात्रेकरू तेथून गडव्यात भरून नेतो ते पाणी रोजच्या तहानेसाठी नसते, अंतकाळासाठी असते. राखीव निधीला हेच नाव मिळावे यात बचतीची एक पूर्ण व्याख्या आली: हाताशी आहे, पण हात लावावयाचा नाही.

३. धान्याची बेगमी

बचतीचे सर्वांत जुने रूप धान्याचे. दख्खनच्या कोरड्या भागात धान्य जमिनीतील पेवात, भिंतीतील बळदात किंवा शेणाने सारवलेल्या बांबूच्या कणगीत राही. या तिहींत फरक होता. पेव हे मोठ्या घराचे व गावाचे साधन. ते एकदा उघडले की सगळे धान्य बाहेर काढावे लागे; म्हणून ते उघडण्याचा निर्णय एकट्यादुकट्याचा नसे. कणगी घरात असे आणि तिच्यातून रोजचे दळण निघे. तिच्याशी रोज संबंध गृहिणीचा येई, आणि शेर-अदशेर धान्य बाजूला काढून दाराशी आलेल्या विक्रेत्याकडून मीठमिरची, बांगड्या वा सुईदोरा घेण्याची मुभाही तिला असे. रोख पैसा हाती नसलेल्या स्त्रीचे ते चलन होते.

घरातील उतरंडीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. एकावर एक रचलेल्या मातीच्या मडक्यांत डाळी, कडधान्ये, बियाणे असे आणि तळच्या एखाद्या मडक्यात चिंधीत बांधलेली पुरचुंडीही असे. तळचे मडके काढावयाचे तर वरची सर्व उतरावी लागत. एवढा खटाटोप चोरासाठी जितका अडचणीचा, तितकाच घरातील मागणाऱ्यासाठीही. मातीचा गल्ला याच तत्त्वावर बनतो. त्याला नाणे आत टाकण्यापुरती फट असते. बाहेर काढावयाचे तर गल्ला फोडावाच लागतो. कुंभाराने तो घडवितानाच मोडण्याची किंमत त्यात घातलेली असते.

चैत्र-वैशाखातील वाळवणे हीही बचतच होय. पापड, कुरडया, सांडगे, शेवया, वर्षाचा मसाला ही सामग्री भाव उतरलेले असताना व ऊन फुकट असताना सिद्ध होते. शेजारणी मिळून एकेका घरचे पापड लाटतात. मजुरी कोणी देत नाही, पण कोणाच्या घरी कितीदा हात लावला याचे भान सर्वांना असते. श्रमाची ही फिरती देवघेव पुढे येणाऱ्या भिशीचेच पूर्वरूप म्हणता येईल.

जिल्ह्याच्या शेतीत या पद्धतीचे आजही चालू असलेले रूप म्हणजे कांदाचाळ. उन्हाळी कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो. तो लगेच न विकता हवेशीर चाळीत ठेवून पावसाळ्यात व त्यानंतर लागेल तसा लासलगावसारख्या बाजारपेठांत नेतात. शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने चाळ ही ठेवच असते. शाळेची फी, बी-बियाणे, घरातील कार्य अशी निकड येईल तशी ती थोडी थोडी मोडली जाते. परंतु ही ठेव दर महिन्याला वजनात घटते, सडते, कोंब धरते, आणि तिचा भाव शेतकऱ्याच्या हाती नसतो. अंकुरालाही मराठीत ‘मोड’ म्हणतात. कांद्याला मोड येण्यापूर्वी त्याची मोड करावी लागते, इतकी या बचतीची मुदत अरुंद आहे.

४. भांडी : नाव घातलेली ठेव

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्याचा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा हा नाशिकच्या प्रमुख धंद्यांपैकी एक म्हणून त्यात येतो. मुंबई बंदरात उतरणारे पत्रे रेल्वेने येत आणि तांबटांच्या हातोडीखाली त्यांचे हंडे, घागरी, कळशा, पराती, घंगाळी व बंब होत. तीर्थक्षेत्रास आलेले यात्रेकरूही भांडी घेऊन परतत.

भांडे वजनावर विकले जाई. किमतीचे दोन भाग असत, धातूची किंमत आणि घडणावळ. जुने भांडे मोडीत घालताना घडणावळ बुडे, धातूची किंमत मात्र बव्हंशी परत येई. म्हणून लग्नात, बारशाला, दिवाळीला घेतलेले प्रत्येक भांडे म्हणजे वापरता वापरता राखलेली ठेव होती. माळ्यावर उपडे ठेवलेले मोठे हंडे वर्षातून एखाद्याच कार्याला खाली येत, पण त्यांच्या संख्येवरून घराची पत ठरे.

भांड्यावर नाव घालण्याची रीत या संदर्भात महत्त्वाची आहे. देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि तारीख टोचून कोरलेली भांडी जुन्या घरांत आजही सापडतात. जेवणावळीत भांडी एकमेकांच्या घरी जात, तेव्हा ती ओळखता यावीत हे या रिवाजाचे व्यवहारी कारण खरेच. पण त्याचा दुसरा परिणामही होता. माहेरहून आलेल्या भांड्यावर मुलीचे नाव असे. ते मोडीत काढावयाचे तर भांडेबाजारात ते नाव वाचले जाई आणि बातमी माहेरी पोचण्याचा संभव असे. ज्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर नव्हते व जमाखर्चाच्या वहीत नव्हते, तिचे नाव घागरीच्या गळ्यावर होते. मालकीची ही नोंद कायद्याने मान्य केलेल्या दस्ताच्या तोडीची नव्हती, तरी लाजेकाजेच्या व्यवहारात तिला वजन होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टीलची भांडी आली. त्यांना कल्हई लागत नाही, चिंच लावून घासावे लागत नाही. गृहिणीच्या श्रमांची त्यांनी मोठी बचत केली. पितळेचे जड हंडे मोडीत जाऊन त्या पैशांत स्टीलचे संच आले. जुनी लुगडी, साड्या देऊन बोहारणीकडून भांडे घेण्याची घासाघीसही स्टीलवर आली. मात्र स्टीलला मोडीत पितळेइतका भाव नाही. भांडे हे आता भांडेच राहिले, ठेव उरले नाही. शेकडो घरांतील साठविलेला धातू अशा रीतीने एका पिढीत बाहेर पडला, आणि त्याबरोबर स्त्रीचे नाव कोरलेली मालमत्ताही.

५. दागिना : मोडण्याचे बाजारभाव

दागिन्याचे मोल दुहेरी आहे. तो अंगावर असतो, म्हणून दुसऱ्याने गुपचूप काढून घेण्यास कठीण. आणि तो मोडताना सर्वांना दिसतो, म्हणून सहसा मोडला जात नाही. घडणीतही बचतीची सोय पाहिलेली असे. पुतळ्यांची माळ हे याचे उत्तम उदाहरण. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरील उभ्या आकृतींवरून त्या नाण्याला ‘पुतळी’ हे नाव मिळाले आणि पुढे त्या नमुन्याच्या चकत्या येथेच घडू लागल्या. ऐपतीप्रमाणे एकेक पुतळी माळेत ओवता येई, आणि गरजेला पूर्ण माळ न मोडता एकच पुतळी काढता येई. समुद्रापलीकडच्या व्यापारी शहराचे नाणे मराठी स्त्रीच्या गळ्यात सुट्ट्या मोडीची सोय होऊन बसले होते. पाटली किंवा ठुशी अशी थोडी थोडी मोडता येत नाही. ती मोठ्या संकटासाठी.

गरीब कुटुंबांची ठेव मात्र चांदीत होती. कडी, तोडे, वाळे, गोठ, सरी हे दागिने रुपयांच्या तागडीत तोलले जात, कारण तोळा हे वजन आणि रुपयाचे वजन एकच होते. १८९३ पूर्वी कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन थोडी पाडणावळ भरून तिचे रुपये पाडून घेऊ शके. त्यामुळे दागिन्यातील चांदी आणि हातातील रुपया यांच्या किमतीत फार अंतर पडत नसे. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबईच्या टांकसाळीत मोडीच्या दागिन्यांची रीघ लागली. कुणब्याच्या घरची कडी वितळून रुपये झाली व त्या रुपयांचे धान्य आले. ठेव तोकडी पडली असेल, पण ती वटली.

जून १८९३ मध्ये सरकारने चांदीची खुली टांकणी बंद केली. रुपयाचा विनिमयदर स्टर्लिंगमध्ये सावरणे हा त्यामागील हेतू होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात या धोरणाची चलनशास्त्राच्या अंगाने सविस्तर चिकित्सा केली आहे. घरगुती बचतीच्या अंगाने पाहिले तर या निर्णयाचा अर्थ असा की, रुपया आता आपल्यातील चांदीपेक्षा महाग झाला आणि दागिना मात्र निव्वळ चांदीच्या भावाचा राहिला. रुपये देऊन घडविलेली कडी मोडली असता तेवढे रुपये परत येईनात. तीनच वर्षांनी, १८९६-९७ मध्ये, आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये दख्खनमध्ये दुष्काळ पडले. त्या वेळी सराफाच्या दारी गेलेल्या बाईला तिच्या दागिन्याचा भाव का उतरला हे कळण्याचे साधन नव्हते. घरातील कोणीही न मोडता तिची ठेव सरकारी ठरावाने आधीच काही अंशी मोडली होती.

दुसरा सरकारी हस्तक्षेप सोन्याच्या बाबतीत झाला. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचा नवा दागिना घडविण्यास बंदी झाली. परकीय चलनाची चणचण व चोरटी आयात ही त्याची कारणे होती. या आदेशाने सोनारांचा धंदा बुडालाच. शिवाय जुना दागिना मोडून नवा घडविण्याची, म्हणजे आईच्या पाटल्यांतून दोन मुलींचे दागिने करण्याची, जी रीत होती तिच्यात खंड पडला. चौदा कॅरटचे सोने लोकांनी मनाने स्वीकारले नाही. १९६८ मध्ये सुवर्णनियंत्रण कायदा झाला व तो १९९० मध्ये रद्द झाला.

६. कागदाची ठेव

डाकघर बचत बँक १८८२ मध्ये सुरू झाली. तिचा लाभ प्रथम पगारदार वर्गाने घेतला, कारण पासबुक, सही आणि ठरावीक मासिक प्राप्ती या तीनही गोष्टी त्याच्याकडेच होत्या. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, डाकघराची रोख प्रमाणपत्रे निघाली. बचत हा तेव्हापासून सरकारी प्रचाराचा विषय बनला आणि काटकसरीला देशकार्याची जोड मिळाली.

या कागदाशी नाशिकचा संबंध थेट आहे. पूर्वी इंग्लंडमध्ये छापली जाणारी टपाल तिकिटे व मुद्रांक येथेच छापण्याचे ठरून १९२५ मध्ये नाशिकरोड येथे सरकारी प्रतिभूती मुद्रणालय सुरू झाले. १९२८ मध्ये शेजारीच चलनी नोटांचे मुद्रणालय आले. पुढील काळात डाकघराची बचतपत्रेही येथे छापली गेली. जे शहर हंड्यांसाठी ओळखले जाई ते कागदी ठेवींच्या छपाईचे शहर झाले, आणि मुद्रणालयाच्या पगारावर चालणारी हजारो कुटुंबे नाशिकरोड परिसरात वसली. २०१६ पासून बचतपत्रे छापील स्वरूपात देणे बंद होऊन त्यांची नोंद पासबुकात वा संगणकात होऊ लागली.

कागदी ठेवीबरोबर एका जुन्या शब्दाचा अर्थही उलटला. ‘दामदुप्पट’ हा हिंदू कायद्यातील नियम: एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. मुंबई इलाख्यात न्यायालये तो पाळीत, आणि त्याचा हेतू कर्जदाराच्या रक्षणाचा होता. विसाव्या शतकात तोच शब्द ठेवीदाराला आकर्षिण्यासाठी वापरात आला. अमुक वर्षांत दामदुप्पट, अशा जाहिराती बँका, पतसंस्था व खाजगी योजना करू लागल्या. १९८८ मध्ये आलेले किसान विकास पत्रही रक्कम दुप्पट होण्याच्या आश्वासनामुळेच लोकांच्या ध्यानात राहिले. ऋणकोची ढाल असलेला शब्द धनकोचे आमिष झाला. आणि ज्या योजनांच्या मागे सरकार नव्हते, अशांपैकी काहींनी या आमिषावर अनेक घरांची पुंजी बुडविली.

व्याज हे बचतीचे एकमेव प्रयोजन नसल्याचा सबळ पुरावा ‘पिग्मी’ या शब्दात आहे. उडुपी येथील एका बँकेने १९२८ मध्ये रोज अगदी अल्प रक्कम दाराशी येऊन गोळा करण्याची योजना या नावाने काढली. पुढे ती महाराष्ट्रातील सहकारी बँकांत व पतसंस्थांत पसरली आणि ‘पिग्मी भरणे’ हा मराठी वाक्प्रचारच झाला. भाजीविक्रेता, शिंपी, चहावाला रोज संध्याकाळी प्रतिनिधीच्या हाती काही रक्कम ठेवतो. मुदतीपूर्वी ती काढली तर व्याज जवळजवळ मिळतच नाही. तरीही तो भरतो, कारण रात्री घरी नेलेला पैसा उरत नाही हे त्याला ठाऊक असते. १९७२ मध्ये सुरू झालेल्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेनेही हेच तत्त्व ओळखले. डाकघराच्या आवर्ती ठेवीचा हप्ता गोळा करण्यास परिचयाची स्त्री-प्रतिनिधी दारी येऊ लागली, आणि पोस्टाची पायरी न चढलेल्या गृहिणीचे पासबुक तयार झाले.

७. भिशी

भिशीची रचना सोपी आहे. बारा जणींनी दरमहा पाचशे रुपये काढावयाचे; जमलेले सहा हजार चिठ्ठी उचलून एकीला द्यावयाचे; बारा महिन्यांत प्रत्येकीची पाळी येते. एकटीने साठविले असते तर सहा हजार बाराव्या महिन्यात हाती आले असते. भिशीत शेवटची सोडून इतर अकरा जणींना ते त्याआधी मिळतात, आणि सरासरी वाट पाहण्याचा काळ साडेसहा महिन्यांवर येतो. व्याज कोणी देत नाही, कोणी घेत नाही. तरी प्रत्येकीला लाभ होतो. लिलावाच्या भिशीत निकड असलेली व्यक्ती कमी रक्कम पत्करून पाळी आधी घेते. तेथे मात्र व्याजाचा शिरकाव होतो. धंदा म्हणून चालणाऱ्या चिट फंडांसाठी १९८२ मध्ये केंद्रीय कायदा झाला.

ही संस्था केवळ येथलीच नाही. जपानातील ‘को’, चीनमधील ‘हुई’, पश्चिम आफ्रिकेतील योरुबा समाजाची ‘एसुसु’ ही तिचीच भावंडे. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानवशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये अशा मंडळांची तुलना करून, कृषिप्रधान समाजातून व्यापारी समाजाकडे जाताना लागणारी ती मधली पायरी होय, असे प्रतिपादन केले. बँका पोचल्या की ही पायरी मागे पडेल, असा त्याचा ध्वनितार्थ होता. नाशिकचा अनुभव याला दुजोरा देत नाही. कारखाने आले, बँकांच्या शाखा गल्लोगल्ली झाल्या, तरी कामगारांच्या पगाराच्या दिवशीची, सराफी पेढ्यांवरची आणि गृहिणींची भिशी चालूच राहिली.

याचे कारण भिशीच्या सामाजिक बंधनात शोधले पाहिजे. ‘पैसे साठवावयाचे आहेत’ हे घरात सांगण्याजोगे कारण नव्हे. त्यावर दुसरी निकड लगेच मात करते. ‘भिशी भरावयाची आहे’ हे मात्र देणे आहे, आणि देणे चुकविणे म्हणजे अकरा घरांत नाव जाणे. बचतीला कर्जाचे रूप दिले की घरातील मागण्यांपासून तिचे रक्षण होते. म्हणूनच भिशी ‘लागते’ आणि ‘भरतात’, पण मध्येच ‘मोडत’ नाहीत.

बचत गटाने याच बळावर पुढचे पाऊल टाकले. १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला आणि पुढील दशकात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत गट उभे राहिले. भिशीत जमलेली रक्कम दरमहा वाटली जाते; गटात ती साठून राहते आणि सभासदांना कर्जाऊ मिळते. त्याहून मोठा फरक असा की गटाला वही असते. घरखर्च म्हणून नावे पडलेला पैसा येथे प्रथमच स्त्रीच्या नावावर जमा झाला.

८. घरखर्चातील शिल्लक कोणाची?

सर्व रूपांचा विचार झाल्यावर आरंभीचा प्रश्न उरतो. पतीने घरखर्चास दिलेल्या रकमेतून पत्नीने उरविले, तर ते कोणाचे? धर्मशास्त्राने स्त्रीधनाचा विचार बारकाईने केला आहे. विवाहसमयी, माहेराहून व प्रेमाने मिळालेले धन तिचे. तथापि कात्यायनाने शिल्पाने, म्हणजे हातच्या कामाने, मिळविलेल्या धनावर पतीचे स्वामित्व सांगितले आहे. घरखर्चातून राखलेल्या शिल्लकेला या गणनेत स्वतंत्र स्थान नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीच्या मालमत्तेवर तिचा संपूर्ण हक्क मान्य केला; तरी एखादी रक्कम मुळात तिची आहे की नाही, हा वाद त्याने मिटत नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न न्यायालयातच उभा राहिला. ब्लॅकवेल विरुद्ध ब्लॅकवेल या १९४३ च्या खटल्यात पत्नीने घरखर्चातून वाचवून सहकारी संस्थेत ठेवलेली शंभराहून काहीशी अधिक पौंडांची रक्कम पतीची आहे, असा निर्णय अपील न्यायालयाने दिला. पैसा ज्याचा, शिल्लकही त्याची, असा तर्क होता. काटकसरीच्या श्रमाला त्यात किंमत नव्हती. १९६४ मध्ये तेथे कायदा होऊन अशी शिल्लक उभयतांची निम्मी निम्मी मानली जाऊ लागली.

भारतात हा प्रश्न अवचितपणे ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पुढे आला. पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि डाळीच्या डब्यांत, साड्यांच्या घड्यांत, देव्हाऱ्यामागे ठेवलेली रक्कम ठरावीक मुदतीत बँकेत नेणे भाग पडले. नव्या नोटा नाशिकरोडच्या मुद्रणालयात अहोरात्र छापल्या जात असताना शहराच्या स्वयंपाकघरांतून जुन्या नोटा बाहेर निघत होत्या. अडीच लाख रुपयांपर्यंतच्या भरण्याबद्दल गृहिणींना त्रास होणार नाही, असे सरकारने जाहीर केले. तथापि पैसे वाचविले यापेक्षा ते असल्याचे घरात उघड झाले, हा अनेकींच्या दृष्टीने मोठा प्रसंग होता. वर्षानुवर्षे ‘संपले’ असे सांगून राखलेली ठेव एका रात्रीत सर्वांसमोर मोजली गेली. आणि जी एकदा मोजली गेली ती पुष्कळदा तिच्या हाती पूर्ववत राहिली नाही. या भरण्यांवरून करविषयक वादही झाले. २०२१ मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने एका गृहिणीचा अडीच लाखांच्या आतील भरणा हा तिच्या पूर्वीच्या बचतीचाच मानला आणि ते तिचे अघोषित उत्पन्न ठरविण्यास नकार दिला. गृहिणीच्या काटकसरीला न्यायासनासमोर मिळालेली ही मान्यता महत्त्वाची आहे, जरी तिचा निमित्तविषय कराचा होता.

नाशिक परिसरातील बचतीच्या या साधनांचा क्रम लावला तर एक गोष्ट स्पष्ट होते. पेव, गल्ला, कोरलेली घागर, पुतळ्यांची माळ, पिग्मी, भिशी आणि डब्यातील नोट यांपैकी एकाचीही निवड अधिक व्याजासाठी झालेली नाही. प्रत्येकात मोडण्याच्या वाटेवर काही ना काही अडसर घातलेला आहे: कोठे मातीचा, कोठे नावाचा, कोठे लाजेचा, कोठे गुप्ततेचा. घरात ज्याचा अधिकार कमी, त्याला असा अडसर अधिक लागला. कौटुंबिक बचतीचे मोजमाप करताना कुटुंब हा एकजीव घटक धरण्याची जी पद्धत आहे, ती म्हणूनच अपुरी ठरते. जमाखर्चाच्या जुन्या वह्या वाचणाऱ्या अभ्यासकाने ‘घरखर्च’ या सदरापाशी थांबून पुढील हिशेब भांड्यांवरील नावांत, दागिन्यांच्या घडणीत आणि बायकांच्या बोलण्यातील क्रियापदांत शोधावयास हवा. तो तेथे लिहिलेला आहे.